चिंचेसाठी घेतलेलं मशीन

धुळ्याला झाडं कापायच्या मशीनचं एक दुकान आहे. त्याच्या दारात बसून करवतींच्या साखळ्यांना धार लावणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे चाचा म्हणत. बांधावरच्या चिंचेच्या फांद्या छाटायला कुठलं मशीन घ्यावं, हे मी त्यांनाच विचारलं. त्यांनी मला दोन्ही हातांनी फांद्यांची जाडी दाखवायला लावली आणि लांब दांड्याची छोटी करवत पुढं ठेवली.

"फांद्याच छाटन्या शेतस ना? मंग हाई लई जा."

मी हसलो आणि मोठं मशीन उचललं. चाचांनी त्यावर साखळी चढवली, अंगठ्यानं तिचा ताण पाहिला.

"मोठं मशीन हातमा उनं का मानूस थांबत नही, भाऊ."

तसंच झालं. एक बाजू जड दिसली म्हणून ती उतरवली, मग दुसरी उतरवली. दुपारी आई भाकरी घेऊन आली तेव्हा चिंच आडवी झाली होती. आई उन्हात नुसती उभी राहिली.

महिन्यानं साखळीला धार लावायला गेलो. चाचांनी लगेच ओळखलं.

"चिंच कशी शे?"

"चांगली आहे," मी म्हणालो.

त्यांना केवढं बरं वाटलं! ते खुशीत कानस फिरवू लागले आणि मी रस्त्याकडं बघत राहिलो.