लेकीचे चाळीस दिवस

माझं अंग बाहेर येत होतं. हे वाक्य मी सुरुवातीलाच लिहून टाकते. ज्यांना ते वाचून लाज वाटेल त्यांनी इथेच थांबावं. त्यांची लाज सांभाळत मी सहा वर्षं गप्प बसले होते, आता बसणार नाही.

आम्ही जळगावचे मनियार. मुलांचे अब्बा बाजारातल्या दुकानात बसायचे आणि मी टोपली घेऊन गावोगाव बांगड्या भरायला जायची. नशिराबाद माझं ठरलेलं गाव होतं. तिथल्या शेतकऱ्यांच्या घरांत मला सगळ्या मनियार चाची म्हणायच्या. घरात आम्ही आमची हिंदी-उर्दूची मिसळ बोलत असू, पण मला अक्षरं मिळाली ती मराठी शाळेत, तीन इयत्ता. म्हणून लिहिते ते मराठीत.

मी आठ वेळा बाळंत झाले, पाच मुलं जगली. शेवटच्या बाळंतपणात नागपंचमी तोंडावर आली होती. बांगड्यांचा खरा हंगाम तोच. सहाव्या दिवशी छठी झाली आणि सातव्या दिवशी सासूबाईंनी, म्हणजे अम्मांनी, टोपली माझ्या डोक्यावर ठेवली. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. नशिराबादच्या वाटेवर अर्ध्यात पोचले तेव्हा ओटीपोटात कोणीतरी आतून दोरी ओढतंय असं झालं. मी बाभळीखाली बसले, पाणी प्यायले आणि पुन्हा उठले.

पुढच्या वर्षभरात ते हाताला लागायला लागलं. शिंकलं की खाली येई, घागर उचलली की येई, उकिडवं बसून पोळ्या लाटताना येई. मी हातानं आत सारत असे. मला वाटायचं, हे जगात फक्त मलाच झालंय, काहीतरी घाण रोग आहे आणि कळलं तर मला घरातून काढतील. सगळ्यात वाईट गोष्ट नमाजाची. रुकूत वाकलं की सगळा भार खाली यायचा. मग मी बसून नमाज पढायला लागले.

अम्मांनी ते पाहिलं. "माझी सत्तरी आली, मी अजून उभी राहते. तुला काय झालंय?"

एका दुपारी धीर करून मी त्यांना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही, मानही वर झाली नाही.

"होतं बायकांना. जुन्या धोतराची लांब पट्टी फाड, कमरेला बांध आणि खालून घट्ट ओढून घे. ओली झाली की बदल. आणि कोणाला सांगू नको."

कशी बांधायची ते त्यांनी इतकं बारकाईनं सांगितलं, पण त्यांना ते कसं माहीत, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी पट्टी बांधली. उन्हाळ्यात मांड्या सोलवटून निघत.

अशी सहा वर्षं गेली. मोठी मुलगी तोवर लग्न होऊन जामनेरला गेली होती. तिला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचे फुगलेले पाय, जिना चढताना लागलेला दम बघून मला एकाएकी कळलं की ही आता माझ्याच वाटेनं चालली आहे. स्वतःसाठी मी कदाचित आणखी वीस वर्षं पट्टी बांधली असती. पण तिच्यासाठी ती पट्टी फाडायची या विचारानं मला संताप आला. त्याच संध्याकाळी मी तिच्या अब्बांना म्हटलं, "मला धुळ्याला जायचंय. तिथं बाई डॉक्टर आहे."

माझी थोरली बहीण धुळ्याला दिलेली. तिनंच मागे एकदा त्या बाईबद्दल सांगितलं होतं.

"कशाला?"

मी सांगितलं. त्यांनी तोंड फिरवलं. "हे अम्मांशी बोल. मला काय सांगतेस?"

"अम्मांशी बोलले. पट्टी बांधून झाली. आता डॉक्टरशी बोलणार."

"परक्यांपुढे अंग दाखवणार?"

"बाई आहे ती. आणि अंग माझं आहे, दुखतं तेही मलाच."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. इतकं उलटं मी त्यांना कधी बोलले नव्हते. ते दुकानाकडे निघून गेले. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी त्याला हो समजले आणि दोन दिवसांनी धाकट्या मुलीला बरोबर घेऊन गाडीत बसले. लढाईचे दिवस होते. चाळीसगावला धुळ्यासाठी गाडी बदलायची होती, तिथं फलाट शिपायांनी भरलेला. धाकटीनं माझ्या चादरीचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं.

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान होत्या. तपासलं, हात धुतले आणि विचारलं, "बाळंतपणं किती?"

"आठ."

"शेवटच्या वेळी कितव्या दिवशी कामाला लागलात?"

"सातव्या. डोक्यावर बांगड्यांची टोपली होती."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "अहो बाई, हा घाण रोग नाही. गर्भाशय खाली सरकलंय. बाळंतपणानंतर आतलं सगळं सैल असतं, ते जागेवर बसायला महिना-दीड महिना लागतो. त्याआधी तुम्ही ओझं उचललंत. माझ्याकडे आठवड्याला अशा कितीतरी बायका येतात."

कितीतरी! मी रडायलाच लागले. दुखण्यासाठी नव्हे, सहा वर्षं मी एकटी आहे असं समजत होते त्यासाठी. त्यांनी आत एक रबरी कडं बसवलं. काही महिन्यांनी येऊन ते काढून स्वच्छ करून घ्यायचं, आणि ओझं उचलायचं नाही, हे पुन्हा पुन्हा बजावलं. दवाखान्याबाहेर आले आणि बहिणीच्या घरापर्यंत पायी गेले. खाली काही लोंबत नव्हतं. रस्त्यात थांबून मी जोरात खोकून पाहिलं. धाकटी माझ्याकडे बघतच राहिली.

घरी येऊन मी दोन गोष्टी जाहीर केल्या. टोपली यापुढे डोक्यावर घेणार नाही, नशिराबादला टांग्यानं जाईन. आणि पाण्याच्या घागरी मुलांनी भरायच्या. मुलांचे अब्बा माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. मी दुपारनंतर असरच्या नमाजाला उभी राहिले. अम्मा दारातून बघत होत्या. रुकू झाला, सज्दा झाला, मी पुन्हा सरळ उभी राहिले. त्या आत गेल्या.

मोठीला मुलगी झाली. बाळंतपण जड गेलं. पण दोघी सुखरूप होत्या. मी तिला खाटेवर निजवलं, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं केलं आणि सांगितलं, चाळीस दिवस या खोलीतून हलायचं नाही.

विसाव्या दिवशी जामनेरहून बैलगाडी आली. विहीणबाई, जावई आणि जावयाचे काका. विहीणबाई मनानं वाईट नव्हत्या. पण लग्नसराई आली होती, घरात दहा माणसं होती आणि हात कमी होते.

"पोरीला घेऊन जाते," त्या चहा पिता पिता म्हणाल्या. "वीस दिवस पुष्कळ झाले. मी स्वतः बाराव्या दिवशी उठले होते."

"चाळीस दिवस झाल्यावर न्या."

"घरी काय, बसूनच राहायचंय तिला. दोन भाकऱ्या, विहिरीवरून पाणी, बास."

"पाणीच नको," मी म्हटलं. "भरली घागर कमरेवर घ्यायची नाही तिनं."

बाहेर ओट्यावर पुरुष बसले होते. जावयाचे काका आतल्या बाजूला वळून मोठ्यानं म्हणाले, "सुनेनं कधी यायचं हे सासरचे ठरवतात."

मी उंबऱ्यापर्यंत गेले. चादर डोक्यावर नीट ओढली. "भाईसाहेब, या चाळीस दिवसांत अल्लाहनं तिला नमाजसुद्धा माफ केली आहे. आपल्या इबादतीलाही तो तिला उभं करत नाही. आणि तुम्ही तिला तुमच्या विहिरीवर उभं करणार?"

मुलांचे अब्बा उठून उभे राहिले. "आत जा," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"जाते. आधी पुरतं सांगू द्या. मी सातव्या दिवशी उठले. माझं अंग बाहेर आलं. सहा वर्षं मी कमरेला चिंधी बांधून फिरले. धुळ्याला जाऊन कडं बसवून घेतलं तेव्हा कुठे उभी राहू शकते. माझ्या मुलीचं तसं होऊ देणार नाही. गाडी रिकामी न्यावी लागली तर न्या."

काका चप्पल घालून रस्त्यावर गेले. जावई मान खाली घालून बसला. विहीणबाई लाल झाल्या. "तौबा! पुरुषांसमोर काय बोलताय! कोणत्या घरात असलं बोलतात?"

तेवढ्यात अम्मा आतून आल्या. भिंतीला धरून, सावकाश. त्या विहीणबाईंसमोर खाली बसल्या.

"या घरात बोलतात," त्या म्हणाल्या. "मला तीस वर्षं झाली. अजून चिंधी बांधते. माझ्या नवऱ्याला मरेपर्यंत कळलं नाही. आता तू सांग बेटी, तू बाराव्या दिवशी उठलीस. तू काय बांधतेस?"

विहीणबाईंच्या कपातला चहा तसाच राहिला आणि त्यांचा हात पोटावर गेला, तो मी पाहिला. मुलांचे अब्बा ओट्यावर आपल्या आईकडे बघत उभे होते.

शेवटी जावईच बोलला. "अम्मी, चला. वीस दिवसांनी मी येतो न्यायला."

गाडी रिकामी गेली. मुलगी एकेचाळिसाव्या दिवशी सासरी गेली. तिच्या सासूनं दोन वर्षं माझ्या दारात पाऊल टाकलं नाही. पण घागर तिच्या कमरेवर पुढचे दोन महिने दिली नाही, हे मुलीनंच सांगितलं.

अम्मांना मी धुळ्याला चला म्हणून किती विनवलं. मुलांचे अब्बा स्वतः तिकीट काढायला तयार झाले. "आता किती दिवस उरले माझे," म्हणत त्यांनी टाळलं आणि चौथ्या वर्षी त्या गेल्या. मय्यतीला आंघोळ घालताना ती पट्टी मी सोडली. लोक म्हणतात त्यांचा सब्र मोठा होता, किती सोसलं. मला त्या सब्राचा आजही राग येतो.

नशिराबादला आता मी बांगड्या भरताना प्रत्येक बाळंतिणीला विचारते, कितवा दिवस? पहिल्यांदा विचारलं आणि माझं दुखणं सांगितलं तेव्हा एका शेतकऱ्याच्या सुनेनं हात माझ्या हातात तसाच ठेवून हळूच म्हटलं होतं, "चाची, मले बी तसंच शे. कोनले सांगू?" तिला मी धुळ्याला नेलं. नंतर आणखी दोघींना. मग गावात बोभाटा झाला की मनियारीण बायकांना फितवते. एका मोठ्या घरच्या आबांनी मला अंगणातूनच सांगितलं, "उद्यापासून आमच्या दारी येऊ नको."

"बरं आबा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेजारच्या ओट्यावर टोपली उघडून बसले. त्यांच्या तिन्ही सुना तिथं आल्या. धाकटीच्या कडेवर तान्हं होतं. मी तिचा हात धरला, टोपलीतून हिरव्या बांगड्या काढल्या आणि विचारलं, कितवा दिवस?