सावलीच्या तलावातलं लढाऊ जहाज

गोविंदा गेल्याचं मला वरोऱ्याच्या बसस्टँडवर कळलं, आणि मी आधी सांगणाऱ्यालाच लबाड ठरवलं. लबाडी ओळखण्यात पंचक्रोशीत माझा हात धरणारा कोणी नाही; स्वतः इतकी केली आहे की तिचा वास मला दुरूनच येतो. पण सांगणारा गोविंदाचाच मुलगा होता, आणि त्याचं डोकं भादरलेलं होतं. मुंडण केलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. त्याला आज महिना झाला. तेव्हापासून मी एका जागी बसलेलो नाही. जेवता जेवता उठतो, अंगणात दोन चकरा मारतो, परत येतो तर भात गार. बायको म्हणते, लिहून काढा एकदाचं… म्हणून हे.

गोविंदा सावली गावच्या ढिवर आळीतला, मासे धरणाऱ्यांचा, आणि मी त्याच्या मागच्या घरातला, कुणब्याचा. आमची धानाची बांधी आणि त्यांचं जाळं एकाच तलावावर जगायचं. महायुद्धाच्या दिवसांत चांद्याला आरमाराच्या भरतीचे लोक आले. पोहता येतं का, असं त्यांनी विचारलं, तर गोविंदा आणि त्याचा धाकटा भाऊ लक्ष्मण म्हणाले म्हणे, की आम्ही आधी पोहायला शिकलो, मग चालायला. (हे ‘म्हणे’ माझंच आहे.) दोघे भाऊ गेले, एकाच जहाजावर लागले आणि वर्षभरात लक्ष्मणाच्या मृत्यूचं पत्र आलं. इंग्रजीत. आळीत इंग्रजी वाचणारा मी एकटा. म्हणजे अक्षरं लागायची, अर्थ मी पदरचा घालायचो. समोर त्यांची आई, सोनामाय, पाय दुमडून बसलेली. कागदावर इनमिन चार ओळी होत्या. माझ्याबरोबर बोरं चोरणारा लक्ष्मण चार ओळींत संपतो हे मला सहन होईना. मग मी वाचलं, की लक्ष्मण जहाजाच्या सगळ्यात उंच काठीवर दुर्बीण घेऊन उभा होता, दुश्मन पहिल्यांदा त्यालाच दिसला, त्यानं आरोळी ठोकून सगळ्यांना सावध केलं आणि तिथंच, वाऱ्यावर, त्याचा प्राण गेला. त्रास झाला नाही. पुढं दर वेळी सांगताना ती काठी हातभर वाढत गेली. शेवटी शेवटी तिच्यावरून लक्ष्मणाला लंका दिसू लागली होती.

लढाई संपून गोविंदा परत आला, आणि त्यानं मला गोठ्यामागं नेऊन खरं सांगितलं. “बॉयलरखोलीत होता बे तो. साऱ्यात खाली. सुरुंगानं जहाजाचं पोट फाटलं, पाणी घुसलं. जहाज वाचलं… मी वर होतो.” मी म्हटलं, “मायले सांगू नको. राहू दे त्याले वरच.” त्यानं ऐकलं. पण ते ऐकणं त्याच्या अंगाला लागलं नाही. हा माणूस बसल्या बसल्या पाय हलवायचा, जाळं विणता विणता उसवायचा, अर्ध्या बाजारातून परत यायचा.

पन्नास सालानंतर कधीतरी सोनामायच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकू लागला. एके दिवशी ती म्हणाली, “गोविंदा, डोळे जाऊन राह्यले माहे. जायच्या आधी मले त्याची जागा दाखव. तुमचं ते जहाज कसं होतं, अन् कुठी उभा होता माहा लक्ष्मण, ते मले डोळ्यानं पाहू दे.”

आता आली का पंचाईत! जहाज खरं करावं तर माझी काठी मोडते, काठी ठेवावी तर जहाज खोटं होतं. गोविंदानं आठ दिवस जाळ्याला हात लावला नाही. नवव्या दिवशी शिवणीचा ओंडका घेऊन बसला.

त्याच्याकडे नकाशा नव्हता. पहाऱ्यावर असताना जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती पावलं पडायची, एवढं पायांना पाठ होतं. तेवढी पावलं तो अंगणात चालला. मग जाळ्याची दोरी घेतली आणि एका पावलाला एक गाठ मारत गेला. सगळं जहाज त्या दोरीवर मावलं. झालं अडीच हात. (गावात मी आठ सांगितलं होतं.) बाप मासेमारीचे डोंगे कोरायचा, तसाच यानं ओंडका आतून कोरला आणि वर उघडता येणारं झाकण बसवलं. तोफांच्या नळ्या छत्रीच्या काड्यांच्या, धुराडं कंदिलाच्या पत्र्याचं. लढाऊ जहाजाच्या राखी रंगासाठी जवसाचं तेल उकळलं, त्यात सफेदा आणि काजळी घोटली. लावला की म्हणायचा, “हा तं भस्माचा रंग झाला बे,” आणि खरवडून टाकायचा. पुन्हा घोटायचा. “हा म्हशीचा झाला.” पुन्हा खरवड. मी रोज जाऊन एकच टुमणं लावायचो: “काठी उंच कर. माय तीच शोधन.” तो माझ्याकडे बघायचा आणि सागाचा अजून एक तुकडा वर ठोकायचा. असं करत करत टेहळणीचा तो मनोरा जहाजाला टोपी नव्हे, डोईवरचा भारा झाला. त्यावर बोटाएवढा पितळी लक्ष्मण.

जहाज पाण्यात सोडायला सारी आळी तलावावर लोटली. नारळ फुटला. मी भाषण सुरू केलं; माझं ‘बंधू’ झालं होतं, ‘भगिनी’ व्हायच्या आत जहाज माझ्याकडे कललं, दारुड्यासारखं थोडं थांबलं आणि पालथं झालं. “जहाज होय का बदक गा?” कोणीतरी ओरडलं. “नाई बे, पाताळात लढाले चाल्लं!” हसून हसून पार खाली बसले लोक. गोविंदा मात्र काठावर एक पाय हलवत उभा.

सोनामाय गुडघाभर पाण्यात शिरली. जहाज उचललं, पाणी ओतून दिलं, आणि डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून बोटांनी चाचपू लागली. वरून खाली, खालून वर.

“डोंगेवाल्याचा पोरगा तू,” ती म्हणाली, “अन् सारं वजन टाळक्यावर? पोट रितं? कोणं शिकवलं तुले हे?”

गोविंदानं माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या चिंचेकडे.

“खऱ्या जहाजाच्या पोटात काय राह्यते?”

“भट्टी राह्यते, माय. बॉयलर. तेल…”

“अन्?”

“माणसं.”

“कोन माणसं?”

 गोविंदाचा पाय हलायचा थांबला, हे मी पाहिलं.

“लक्ष्मण,” तो म्हणाला. “साऱ्यात खाली होता, माय. पाणी आलं तवा खालीच होता. मी वर होतो… मी काई करू शकलो नाई.”

ती रडली नाही. काठावर येऊन बसली, जवळच्या जाळ्याची किनार ओढली आणि जाळं बुडवायचे शिशाचे मणी दातांनी तोडत माझ्याकडे वळली. “अन् तू बे? इतके दिवस त्याले काऊन टांगून ठेवलं काठीवर? आंब्यावर चढला नाई तो कधी. उंचावर गेला का पाय कापे त्याचे.”

“माय, तुले ठाऊक होतं?”

“पहिल्याच दिवशी.”

“मंग बोलली काऊन नाई?”

“तू वाचतानी रडून राह्यला होतास गा… कागद भिजवलास सारा. म्हटलं, या पोराले त्या काठीचा आधार हाय. राहू दे.”

मी तिच्याजवळ बसलो आणि जाळ्याची दुसरी किनार ओढून मणी तोडू लागलो.

मग तिनं जहाजाचं झाकण उघडलं आणि एकेक मणी आत ठेवत मुलाला विचारत गेली. “इथी? का इथी?” गोविंदानं तिचा हात धरून जागा दाखवली. वरच्या पितळी लक्ष्मणासकट मनोरा त्यानं तिथंच मुरगाळून काढला. दुसऱ्यांदा सोडलं तेव्हा जहाज थोडं हललं, मग सरळ उभं राहिलं. “आता उभं राह्यलं,” सोनामाय म्हणाली आणि बराच वेळ त्या बाजूला तोंड करून बसली.

ती दोन वर्षांनी गेली. गोविंदा पुढं दर दिवाळीत जहाज रंगवायचा; समुद्रावरचा तो राखी रंग त्याला शेवटपर्यंत साधला नाही, जुना खरवडल्याशिवाय नवा चढला नाही. गेल्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो तर जहाज धानाच्या कणगीवर होतं. मी झाकण उचललं. खालची खोली पांढरी होती, नुसत्या सफेद्याची. तिथं त्यानं कधीच खरवडलं नव्हतं. दर वर्षी वरून रंगाचा एक हात, त्यावर एक हात. मणी त्यात बसून गेले होते, हलवले तरी वाजेनात.

तो थर बोटभर जाड आहे, असं मी कालपर्यंत लोकांना सांगत होतो. नखाएवढा आहे. नखानंच मोजला.