बॉनेटखालचे लाल ठिपके

सुदाम मिस्त्री गेल्याची बातमी मला कार्डानं कळली. जालन्याच्या बार रूममध्ये माझ्या नावानं निळ्या छपाईचं कार्ड आलं होतं. बदनापुरात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, खाली त्यांच्या पत्नीचं, शांताबाईंचं नाव. पाकिटावरचा माझा पत्ता बिनचूक. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर हे कार्ड मला का? बारा वर्षं या घराशी माझं बोलणं नाही. काही मागायचं असेल, की चारचौघांत ऐकवायचं असेल... माणूस गेला, हे त्याच्यानंतर आलं. लाज वाटते, पण वकिलीत हयात गेली की दुसऱ्याचा कागद उलटा करून पाहायची सवय लागते. खोटं कशाला लिहू.

१९८१ साली मी औरंगाबादच्या एका डॉक्टरांकडून जुनी अ‍ॅम्बॅसिडर घेतली. पांढरी, मार्क थ्री. तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावी ती नेली, तेव्हा वडिलांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, एवढी चांगली आहे तर डॉक्टरनं विकली का? संशय आमच्या घरात असा वारशानं आलेला. त्यात गाडीवाल्या मित्रांनी कान भरले की गाडी मिस्त्रीकडे सोडून घरी गेलास की चांगला पार्ट जातो आणि कुणाचा तरी झिजलेला बसतो. म्हणून मी एक तोड काढली. बायकोची लाल नेलपॉलिशची बाटली घेतली आणि अंगणात बॉनेट उघडून डायनामो, पेट्रोलचा पंप, कारबुरेटर, हाताला लागेल त्या पार्टवर एकेक ठिपका दिला. बायको म्हणाली, माझी नखं कोरी ठेवून गाडीला नटवून राह्यलात. पण बाटली तिनं दिली.

बदनापूरला रस्त्याकडेला सुदामचं पत्र्याचं गॅरेज होतं. त्याचा हात चांगला, हे सगळेच सांगत. पहिल्या दिवशी मी डोळ्यांत तेल घालून त्याच्या हातांकडे बघत उभा राहिलो. तासाभरानं तो उठला, आतून एक लाकडी स्टूल आणलं, फडक्यानं पुसलं आणि माझ्यामागे ठेवलं.

"बसा साहेब. उभ्यानं नजर थकती."

मी बसलो. पुढची बारा वर्षं, जवळजवळ दर महिन्यातला एक रविवार, मी त्या स्टुलावर बसून होतो. मला वाटे, हे नुसतं शहाणपण. सुदामचं घर छप्पन्न सालानंतर बौद्ध झालेलं, आणि अंबडला आमच्या नात्यातला एक मिस्त्री होता. त्याच्याकडे कधी गाडी टाकली, तर मी किल्ली देऊन खुशाल कोर्टात जात असे. तिथं मला स्टुलाची गरज का पडली नाही, हा प्रश्न तेव्हा मी स्वतःला विचारला नाही. विचारायला हवा होता.

पण मजा अशी, की सुदाम माझ्याहून संशयी! माझा संशय त्याच्यावर, त्याचा कंपनीवर. गॅरेजच्या मागच्या भिंतीवर त्यानं अ‍ॅम्बॅसिडरच्या तोंडाच्या जाळ्या ओळीनं खिळ्याला टांगल्या होत्या. मार्क टूची बारीक चौकड्यांची, मार्क थ्रीची आडव्या पट्ट्यांची, मार्क फोरची लहान, मोठ्या चौकड्यांची. सगळ्यात पहिल्या गाडीची त्याला कधी मिळाली नाही, तिचा खिळा मोकळाच होता. पाना हातात घेऊन तो ती भिंत मला मास्तरासारखी शिकवी. मूळ गाडी विलायतेची, साचे तिकडून आले, आणि तेव्हापासून इकडं दर काही वर्षांनी तोंड बदलून राह्यले, असं त्याचं म्हणणं. पार्किंगचे दिवे गोलाचे चौकोनी झाले, डॅशबोर्ड बदलला, पण खाली शिरून बघा, पाट्याच्या स्प्रिंगा त्याच, घडण तीच. "पावडर लावून जुनीच नवरी उभी करायली कंपनी," म्हणायचा. पुढे नोव्हा हे नवं मॉडेल आलं, तेव्हा कुणाच्या तरी ठोकर खाल्लेल्या गाडीची जाळी आणून त्यानं चौथी टांगली आणि अर्धा तास तिच्याकडे डोळे बारीक करून बघत बसला. सरकारी साहेब असो, कारखान्याचे चेअरमन असोत की आमच्यासारखा दोन लेकरांचा वकील, सगळ्यांना ही एकच गाडी का पुरते, असं मी विचारलं. तो म्हणाला की तिला मोठं पोट हाय आणि ती नखरे करत न्हाई, म्हणून. गाडीला शिव्या देताना त्याचा हात मात्र तिच्या मडगार्डवरून फिरत असे.

मग जपानी इंजिनाची, अठराशे सीसीची अ‍ॅम्बॅसिडर आली, सगळे तिला अठराशेच म्हणत. पाच गियर, तेही स्टेअरिंगजवळून काढून खाली जमिनीवर. अंकुशनगरच्या एका साहेबांनी ती घेतली आणि तपासायला सुदामकडे आणली. तो खाली शिरला, वर आला, चालवून आला. इंजिनाला त्यानं झटकन मान दिली. मग पुढच्या सीटकडे बोट दाखवून म्हणाला, इथं आधी तिघं बसायचे, आता मधी गियर आला, दोघंच बसतील, ही सुधारना म्हनायची का? माझ्या डोक्यात मात्र तीच गाडी बसली होती. जुनी विकून अठराशे घ्यायची, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या गाडीत अजून बिलकुल जान हाये साहेब, इकू नका." आणि झालं. माझं डोकं फिरलं. गाडी गेली तर याचं गिऱ्हाईक जातं, म्हणून हा अडवतो आहे, हे मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

त्याच महिन्यात कारबुरेटर साफ करायला टाकला होता. त्या रविवारी नेमकं एक लग्न होतं, मी स्टुलावर नव्हतो. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो, बॉनेट उघडलं, तर कारबुरेटरवर ठिपका नाही! बाकी सगळीकडे आहे, इथंच नाही. चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर मी साक्षीदार उलटतपासावा तसा त्याला उलटतपासला. माझा कारबुरेटर कुठं गेला, हा कुणाचा बसवलास, केव्हापासून चाललंय हे, असं काय वाट्टेल ते. सुदाम हात पुसत उभा राहिला. एवढंच म्हणाला, "कारबुरेटर तुमचाच हाये साहेब. याच्यापुढं मला सांगता येत न्हाई." सांगता येत नाही म्हणजे काय? आमच्या धंद्यात याला कबुली म्हणतात. मी गाडी घेऊन निघालो, ती परत तिथं गेली नाही.

सहाएक महिन्यांनी जालन्याच्या एका मिस्त्रीनं तोच कारबुरेटर खोलला आणि सहज बोलून गेला की हा गाडीसोबत आलेलाच आहे, कधी बदललेला दिसत नाही. मी दुसऱ्याला दाखवला. त्यानंही तेच सांगितलं. म्हणजे मला कळलं होतं. बदनापूर काही सातासमुद्रापार नव्हतं, पण मी गेलो नाही. एकदा केलेला आरोप मागं घेणं मला कोर्टातही कधी जमलं नाही. अठराशेही मी घेतली नाही. का, ते कुणाला सांगितलं नाही.

एकदाच भेट झाली. बदनापूरच्या रेल्वे फाटकात मी गाडीत अडकलो होतो. सुदाम सायकलवरून आला, उतरला, माझ्याकडे न बघता बॉनेटवर तळवा ठेवून उभा राहिला. "इंजिनाचं टायमिंग थोडं पुढं हाये," म्हणाला. "सांगा तुमच्या नव्या मिस्त्रीला, मागं घ्या म्हनाव." चूक झाली, एवढे दोन शब्द माझ्या ओठांवर होते... फाटक उघडलं, मागच्या ट्रकनं हॉर्न दिला आणि मी गियर टाकला. आरशात तो सायकल धरून उभा दिसत होता. ती शेवटची भेट.

पुण्यानुमोदनाला गेलो, मागं बसलो. वंदना झाली, लोक पांगले. शांताबाईंनी मला गॅरेजमध्ये नेलं. भिंतीवर जाळ्या तशाच, पहिला खिळा तसाच मोकळा. स्टूल कोपऱ्यात होतं. त्यांनी फळीवरून एक लहानशी बाटली काढून माझ्या हातावर ठेवली. लाल नेलपॉलिश.

"थिनरनं पार्ट धुतला की तुमची निशानी जायची," त्या म्हणाल्या. "मंग हे माझ्याकडून बाटली न्यायचे. तुम्ही चहाला उठले की ठिपका लावून टाकायचे. वकीलसायबाच्या जिवाला घोर नगं, म्हनायचे. त्या खेपेला मी माहेरी गेल्ते. बाटली कुठं हाय, ह्यांना घावली न्हाई."

त्यांनी दिलेला चहाचा कप दुसऱ्या हातात होता. आणि सांगतो, त्या बाईंसमोर, त्या गॅरेजमध्ये, माझ्या मनात काय आलं असेल? की ज्याच्याकडे खूण होती, त्यानं काहीही बदललं असतं आणि वर ठिपका दिला असता. बारा वर्षं मी ज्या पुराव्यावर विसंबलो, तो आरोपीच्याच हातचा! हा विचार मी पुरता केला. त्या दिवशी सुदामला का सांगता येत नव्हतं, ते तेव्हा समजलं. थिनरनं गेली म्हणाला असता, तर आधीच्या धुण्यांत कशी टिकली, असं मीच विचारलं असतं. खूण मीच लावत होतो म्हणाला असता, तर मी त्याला चोर ठरवूनच सोडलं असतं. त्याला माझ्या हातून सुटायला वाटच नव्हती. मला रडू आलं, आणि शांताबाईंनी दुसरीकडे पाहिलं.

घरी येऊन बॉनेट उघडलं. माझे ठिपके कसे असायचे ते मला माहीत आहे. हात थरथरतो, कड ओघळते. तिथं एकही ओघळलेला नव्हता. सगळे मसुरीच्या दाण्याएवढे, गोल, नेटके. माझी एकसुद्धा खूण शिल्लक नव्हती. कारबुरेटर तेवढा कोरा.

गेल्या आठवड्यात गाडी जालन्यातल्या एका नव्या मिस्त्रीकडे टाकली. वय झालेल्या गिऱ्हाइकाला बसायला तो स्टूल घेऊन आला. मी नको म्हणालो आणि समोरच्या हॉटेलात चहाला निघालो. रस्ता ओलांडेपर्यंत दोनदा मागे वळून पाहिलं, हेही लिहितो. तेवढ्यात बॉनेटमधून डोकं काढून त्यानं हाक मारली. काका, हे लाल ठिपके कशाचे आहेत, खरवडून टाकू का?

"राहू दे," मी म्हणालो. "आमच्या मिस्त्रीची खूण आहे."