नळाला पाणी आणणारा अल्बम

आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं ते माझ्या बँजोमुळे.

म्हणजे बँजो मी वाजवत नाही. (एकदा वाजवला होता. शेजाऱ्यांनी मांजर अडकलंय समजून माळा धुंडाळला.) कंधारकडच्या एका बँजो पार्टीने काढलेला एक अल्बम माझ्याकडे आहे. मन ताजंतवानं करायला तसे अल्बम बरेच. सोमवारी भजनांचा, पगाराच्या दिवशी कव्वाल्यांचा. पण बँजोची सर कशालाच नाही! पहिल्या धुनेची हलगी कडाडली की तिरडीवरचा माणूसही उठून चपला शोधेल. लातुरात आमच्याकडे नळ येतो आठवड्यानं. तो आला की पाण्याची मोटार लावून पाइप धरून उभं राहायचं काम माझं, आणि तो कंटाळा घालवायला मी हा अल्बम मोठ्यानं लावतो. हळूहळू गल्लीनं नळाकडे बघणंच सोडून दिलं. बँजो वाजला की नळ आला!

त्या रविवारी आमच्या पूजाला बघायला धर्माबादचे पाव्हणे येणार होते. मिरचीचे व्यापारी, घर चांगलं, आणि मुख्य म्हणजे मुलगा पूजाला फोटोतच मनापासून आवडला होता. सकाळीच तिनं मला बजावलं, "बाबा, आज काही करू नका."

"मी काय करणार?"

"तेच म्हणते. काहीच करू नका!"

पण काहीच न करणाऱ्या माणसाला विचार फार येतात. लेक परक्या घरी जाणार म्हणून मी घरभर येरझाऱ्या घालू लागलो. मन थाऱ्यावर यावं म्हणून मी हुकमी औषध काढलं आणि पहिली धून लावली. मोठ्यानं. सवयच ना!

"नळ आला! नळ आला!" गल्लीत एकच धावपळ उडाली. आता आमच्याकडची रीत अशी, की नळ आला की आधी घरातलं पाणी सांडायचं. आठवडाभर वाटी-वाटीनं जपलेलं पाणी, नवं आलं की एका क्षणात शिळं होतं! समोरच्या शिवकांताअक्कांनी घागरी पालथ्या केल्या. कुणी पिंप ओतलं, कुणी म्हैस धुतली. मी डोळे मिटून मान डोलवत होतो.

अक्का खिडकीशी आल्या. "दादा, तुमच्याकडं पाणी येऊन राहिलं का? आमच्या नळाला नुसती हवा हाय!"

"पाणी? आज कुठलं पाणी?"

"मंग बाजा कशाला वाजून राहिला?"

"मन प्रसन्न व्हावं म्हणून, अक्का."

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझं मन तेव्हापासून प्रसन्न व्हायला घाबरतं.

मी हौदाकडे पळालो. हौद कोरडा ठणठणीत! आमची मंडळी, म्हणजे पूजाची आई, खराटा घेऊन आत उतरली होती. "चांगला घासून काढला," ती कौतुकानं म्हणाली. "पाव्हण्यायला ताजं पाणी देऊ!"

पूजा कोरड्या हौदात डोकावली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. (त्या दिवशी गल्लीत आलेलं तेवढंच.) मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि दारात गाडी थांबली. पाव्हण्यांना आधी पाय धुवायला तांब्या द्यायचा, मग प्यायला. तांब्या होता. मी मुलाच्या आईपुढे हात जोडले आणि बँजोपासून हौदापर्यंत सगळं सांगून टाकलं. त्या गंभीर चेहऱ्यानं ऐकत होत्या. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "गाडीतला जार काढ रे. परगावी आम्ही आमचंच पाणी घेऊन फिरताव."

त्यांच्याच पाण्याचा चहा आम्ही त्यांना पाजला. घोट घेऊन त्या म्हणाल्या, "चहा लई चांगला झालाय. पोरगी पसंत हाय. फकस्त व्याह्यांनी आमच्या गावात गाणं लावू न्हाई!"

लग्नाला मी हौसेनं तीच बँजो पार्टी सांगितली. नवरदेव मांडवाच्या दारात आला, हलगी कडाडली, आणि पंगतीला बसलेली आमची अख्खी गल्ली भरल्या ताटावरून उठून घराकडे पळाली! धर्माबादकर पोट धरून हसत होते म्हणे. मी काही ते पाहिलं नाही. फेटा सावरत सगळ्यांच्या पुढे मीच पळत होतो, मोटार चालू करायला!