जाऊबाईंना मारण्याची गोष्ट

बोर्डीच्या घरी मी रोज सकाळी जपमाळ घेऊन बसते, हे सगळ्या आळीला ठाऊक आहे. माळ ओढता ओढता थोरल्या जाऊबाईंना कसं मारावं याचा विचार चालायचा, हे फक्त देवाला ठाऊक होतं.

वाटणीपासून आमच्या चिकूवाड्यांमध्ये तारेचं कुंपण आहे. माझ्या झाडाच्या फांद्या तिकडे झुकलेल्या. जाऊबाई दुपारी जाळीची काठी घेऊन यायच्या आणि माझे चिकू पाडायच्या, तेही कोवळे. मी इकडून ओरडायचे, त्या तिकडून. दोघींची नवरेमंडळी देवाघरी, मुलं मुंबईला. एवढंच काय ते आमचं बोलणं.

प्रत्यक्ष मारणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून कथा लिहायला घेतली. त्यात चिकूचोर बाईला घोणस चावणार होती. सगळी तयारी जय्यत. पण खलनायिकेला काही कारण तर हवं. हावरट म्हणावी, तर कोवळा चिकू पिकत नाही, नुसता सुरकुततो. वाडीत जन्म गेलेल्या बाईला हे कळत नाही होय? मग ती पाडते कशाला? माझं घोडं तिथेच अडलं.

शेवटी कुंपणापलीकडे तिच्या जागी जाऊन उभी राहिले, कागदावरच अर्थात. रिकामं घर, लांबलचक दुपार. हातात काठी, आणि पलीकडून कुणीतरी ओरडावं म्हणून टवकारलेले कान. लिहिलं आणि माझा मलाच राग आला. इतकी वर्षं माळ ओढून जे सुचलं नाही, ते खुनाच्या तयारीत सुचावं? शिवाय घोणस फुकट गेली ती वेगळीच. तरी म्हटलं, ही माझ्या मनातली बाई. खऱ्या जाऊबाई कजागच असणार.

या नादात दुपारचं ओरडणं राहूनच जात होतं. एके दिवशी दारात जाऊबाई उभ्या. वाटणीनंतर पहिल्यांदाच त्या माझी पायरी चढल्या होत्या.

"बरी आहेस ना गं?" त्यांनी विचारलं. "बरेच दिवस ओरडली नाहीस. म्हटलं, पडलीबिडलीस की काय घरात."

मला रडूच आलं. ते लपवायला म्हटलं, "गोष्ट लिहीत होते. एका बाईची."

"मग? काय होतं तिचं?"

"ती चहाला थांबते," मी म्हटलं आणि आधण ठेवायला आत पळाले.