फादरांचं प्रवचन, आण्णांचं अक्षर

आण्णा भोरे आमच्या शाळेत एकतीस वर्षं क्लार्क होते. मी मराठी शिकवायची, ते दाखले लिहायचे. त्यांनी लिहिलेला दाखला दुरुस्तीसाठी कधी परत आला नाही. कागदोपत्री त्यांचं नाव लुकस जोसेफ भोरे, पण शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे आण्णाच म्हणत. निवृत्त झाल्यावर ते शाहूपुरीत आमच्या पलीकडच्या गल्लीत राहायला आले आणि शुक्रवारची संध्याकाळ आमच्या घरी त्यांच्या नावाची झाली.

शुक्रवारी ते प्रवचन वाचून दाखवत. त्यांच्या चर्चचे फादर आल्विन केरळचे. फादर मराठी वाचत अगदी स्वच्छ, पण मनातलं मराठीत मांडायला गेले की अडखळत. म्हणून गुरुवारी ते आण्णांना इंग्रजीत चार-पाच ओळी लिहून देत आणि आण्णा त्यावरून पाच मिनिटांचं प्रवचन लिहीत. टपोरं अक्षर, दोन ओळींत भरपूर जागा, श्वास घ्यायचा तिथे तिरकी रेघ. रविवारी साडेआठच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर ते वाचत. फादर, आण्णा आणि मी सोडून हे कुणाला ठाऊक नव्हतं. लोक बाहेर पडताना म्हणत, "फादरांचं मराठी काय सुधारलंय." त्या वेळी आण्णा खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत असत. त्यांना जो काही अभिमान होता तो एवढाच, आणि तो त्यांनी फार जपून ठेवला होता.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात फादरांनी जपमाळेवर बोलायचं ठरवलं. ऑक्टोबर हा कॅथलिक लोकांचा मारियामातेच्या जपमाळेचा महिना. हातात माळ घ्यायची, एकेका मण्याला 'नमो मरिया' म्हणायचं, दहा मणी झाले की 'आमच्या स्वर्गातील बापा'. फादरांच्या चिठ्ठीत मुद्दा होता की प्रार्थना ओठांची नको, मनाची हवी. खाली लिहिलं होतं, 'आण्णासाहेब, दर वेळी उदाहरण बायबलमधले असते. या वेळी इथले द्या. पाच मिनिटे. सहाव्या मिनिटाला लोक घड्याळ पाहतात.'

आण्णा गुरुवारी रात्रभर अडून बसले. शुक्रवारी आले ते मात्र खुशीत. चहा निवू दिला आणि वाचू लागले. मधे एक परिच्छेद असा होता: 'आपण मातेला काय देतो? आपले हात घुंगरं जोडण्यात, डोळे घुंगरांवर, कान दाराशी आलेल्या माणसाकडे. सगळं वाटून झाल्यावर तोंड तेवढं उरतं, ते तिला देतो.'

"वाक्य चांगलं उतरलंय," मी म्हणाले. पेन्सिल घेऊन त्याखाली रेघसुद्धा मारली. वर्गात आयुष्यभर मी तेच सांगत आले होते, उदाहरण डोळ्यांसमोरचं हवं. ते कुणाच्या डोळ्यांसमोरचं आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही.

आण्णांच्या थोरल्या भावाची बायको, शालूबाई, हुपरीत राहतात. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा आण्णा अकरा वर्षांचे होते आणि घरात आई नव्हती. पुढे भाऊ चांदीच्या कामाला हुपरीला गेला, तोही वारला. शालूबाई आज एकाहत्तर वर्षांच्या आहेत आणि अजून घरी बसून पैंजणाला घुंगरं जोडतात. कडीत घुंगरू अडकवायचं, चिमट्यानं कडी दाबायची आणि एक 'नमो मरिया' म्हणायचं. दहा झाली की पाठ सरळ करून 'आमच्या बापा'. मधेच दाराशी कुणी आलं तर त्याला उत्तर द्यायचं आणि प्रार्थना जिथे सोडली तिथून पुढे धरायची. आण्णांनी ही प्रार्थना त्यांच्याजवळ बसूनच पाठ केली होती.

दर रविवारी शालूबाई हुपरीहून पहिल्या एसटीनं येत. मिस्सेच्या आधी अर्धा तास चर्चमध्ये जपमाळ होते, ती त्या सांगत. आवाज खणखणीत. माइकची गरज नसे.

त्या रविवारी फादरांनी प्रवचन नेहमीसारखं वाचलं. तिरक्या रेघेपाशी थांबत, स्वच्छ. घुंगरांचं वाक्य आलं तेव्हा मागच्या बाकांवर हसू फुटलं आणि दहा-बारा माना वळल्या. चर्चला येणारी चाळीस घरं. त्यांत घुंगरं जोडणारं एकच. आण्णा तिसऱ्या बाकावर होते, शालूबाई डावीकडे पहिल्या बाकावर. चांदीच्या कामानं काळी पडलेली बोटं त्यांनी हळूच पदराखाली घेतली, एवढं आण्णांना दिसलं. पुढची मिस्सा त्यांना ऐकू आली नाही.

मिस्सेनंतर फादर दारात उभे राहून प्रत्येकाला भेटतात. आण्णा शेजारी असतात, कारण वयस्कर बायकांचं भराभर बोलणं फादरांना समजत नाही आणि ते आण्णा इंग्रजीत सांगतात. शालूबाई आल्या. हात जोडून म्हणाल्या, "चुकलं, फादर. मला वाटायचं, बसून नुस्ती माळ वडाय येळ कुठला, कामातच तिचं नाव घ्यावं. तिला ते पोचत नसंल तर माझी चूक हाय."

फादरांनी आण्णांकडे पाहिलं. "काय म्हणतात त्या?"

आण्णा म्हणाले, "ब्लेसिंग मागतायत."

फादर प्रसन्न हसले. त्यांनी शालूबाईंच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला आणि पुढच्या माणसाकडे वळले.

पुढच्या रविवारी शालूबाई आल्या नाहीत. आठ वाजले, माणसं बसली होती, जपमाळ सुरू करायला कुणी नव्हतं. शेवटी क्रांती नावाच्या एका नर्स मुलीनं मोबाइलवर बघून सुरू केली. दोनदा मोजणी चुकली. फादरांनी विचारलं तेव्हा आण्णा म्हणाले, "तब्येत बरी नसेल." हे दुसरं खोटं. घरी येऊन त्यांनी हुपरीला फोन लावला. "दिवाळीचं काम लई हाय," एवढं सांगून शालूबाईंनी फोन ठेवला. त्याच्या पुढच्या रविवारीही त्या आल्या नाहीत.

मधल्या आठवड्यात आण्णा पापनिवेदनाला जाऊन आले. "एकदा खोटं बोललो," एवढंच म्हणाले, आकडासुद्धा बरोबर नाही. फादरांनी प्रायश्चित्त म्हणून दहा वेळा 'नमो मरिया' म्हणायला सांगितलं. आण्णा बाकावर गुडघे टेकून बसले. "बाई, तिसऱ्याच्या पुढं जाता येईना," त्यांनी मला सांगितलं. "म्हणायला लागलो की कानात वैनीचाच आवाज."

हे सांगितलं त्या शुक्रवारी त्यांच्या हातात कागद कोरा होता. फादरांनी त्या महिन्यातलं शेवटचं प्रवचन मागितलं होतं, पुन्हा मारियेवरच: ती डोंगर चढून आपल्या वयस्कर नातेवाईक बाईच्या, अलिशिबेच्या, घरी कशी गेली ते. आण्णांना एक ओळ सुचली नव्हती. मग त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. दारातलं ते खोटं सांगताना ते माझ्याकडे न बघता कपाच्या कानाशी बोलत होते.

"मीही रेघ मारली होती," मी म्हणाले.

"तुमाला कुठं ठाऊक होतं? मला ठाऊक होतं. लिवताना डोळ्यांपुढं वैनीच होती. वाटलं, कुणाला कळतंय." त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. "जाऊन काय बोलायचं ते लिवून काढलंय. बघता काय जरा?"

कागदावर तीन मुद्दे होते आणि श्वास घ्यायच्या जागी तिरक्या रेघा. मी तो घडी करून माझ्या वहीत ठेवला. "हा इथेच राहू दे," म्हटलं. "नुसते जा."

शनिवारी ते हुपरीला गेले. शालूबाईंचं दार उघडं होतं. त्या खिडकीखाली बसल्या होत्या, पुढ्यात पैंजणाची लड, चिमटा चाललेला. आण्णा उंबऱ्यात थांबले. एक घुंगरू झालं, दुसरं झालं, पाच झाली, दहा झाली. ओठ हलत नव्हते. पाठही सरळ झाली नाही. अकरावं जोडून त्यांनी वर पाहिलं.

"उजेडात उभा ऱ्हाऊ नगंस. आत ये. जेवलायस काय?"

"जेवलोय. वैनी, त्या दिवशीचं प्रवचन..."

"तू लिवलंस. ठाऊक हाय."

आण्णांनी घरापासून घोकत आणलेलं वाक्यच शालूबाईंनी काढून घेतलं होतं.

"फादर माझ्या घरात कवा आलाय?" चिमटा थांबला नव्हता. "माझं काम बघितलंय कुणी? दाराशी मानूस येतंय, मी मधीच बोलतोय, ह्ये सगळं कुनाला दिसलंय? तुलाच. बाकावर बसल्या बसल्याच कळलं मला."

"मग फादरकडं जाऊन 'चुकलं' का म्हणालीस?"

"खरं असंल तर चुकलंच की. तू लिव, न्हाईतर त्यांनी लिवू दे." आता त्यांनी चिमटा खाली ठेवला. "त्येचं मला काय न्हाई, आण्णा. लोकं हसली, हसूंदेत. रोज हसत्यात. पन मी त्या मानसाला माझं म्हननं सांगितलं. आयुष्यात पयल्यांदा असं काय तर बोललो मी फादरसंगं. आनि तू त्येला सांगितलंस, ब्लेसिंग मागती. तेवढं विंग्रजी मला येतंय, बाबा. पन्नास वर्षं ऐकतोय."

आण्णांनी मान खाली घातली. मला सांगताना ते म्हणाले, "बाई, पायांखालच्या फरशीवर किती ठिपके हाईत, मी सांगू शकतो."

"माझं बोलनं तू मधीच टाकलंस," शालूबाई म्हणाल्या. "म्हनून आलो न्हाई. यीऊन करू काय? मी तिथं काय बी बोललो तरी तू सांगशील तेच जानार."

"चुकलं माझं."

"मला काय सांगतोयस? मी काय म्हनलोतो ते त्येला सांग. जसंच्या तसं. मी हुबी ऱ्हातो तिथं."

"उद्या येतीस?"

"बघतो. काम संपलं तर."

रविवारी त्या आल्या, पण उशिरा, मिस्सा संपता संपता. त्या दिवशी आण्णांनी फादरांना प्रवचन दिलंच नव्हतं. फादर वेदीसमोर दोन मिनिटं स्वतःच्या मराठीत बोलले. मारिया डोंगर 'चढली' म्हणायचं तिथे 'चढला' म्हणाले आणि बसले.

माणसं पांगल्यावर फादरांचे झगे ठेवतात त्या खोलीत तिघं उभी राहिली. आण्णांनी आधी आपलं सांगितलं: घुंगरांचं वाक्य कुणावरून लिहिलं ते, आणि दारात काय खोटं बोलले ते. मग शालूबाईंचे शब्द, एकेक, इंग्रजीत. 'बसून नुसती माळ ओढायला वेळ कुठला', इथे त्यांना इंग्रजी शब्द सापडेना. शालूबाई वाट बघत होत्या. काही टाकलं जात नाही ना, हे त्या आण्णांच्या चेहऱ्यावरून तपासत होत्या.

फादर त्यांच्या त्या पुस्तकी मराठीत म्हणाले, "शालूबाई, प्रवचन माझ्या मुखातून गेले. म्हणून चूक माझी आहे. तुमची प्रार्थना मातेला पोहोचते. मला ते माहीत आहे. मी तसे सांगितले नाही."

"तुमची कशी चूक? तुमास्नी कुठं कळलंतं तुमी काय वाचताय ते."

फादरांनी सवयीनं आण्णांकडे पाहिलं. आण्णांना हेही जसंच्या तसं सांगावं लागलं. फादरांचे कान लाल झाले. ते म्हणाले, "गुरुवारी या, आण्णासाहेब. पण कागद आणू नका. मी लिहीन, तुम्ही फक्त ऐका."

तेव्हापासून फादर स्वतः लिहितात. तीन मिनिटांचं असतं, चुका भरपूर. परवा मुलं हसली तेव्हा फादरही हसले. 'फादरांचं मराठी बिघडलं,' असं लोक बाहेर पडताना म्हणतात आणि आण्णा ते मान वर करून ऐकून घेतात. शुक्रवारी ते माझ्याकडे येतात, आम्ही चहा पितो. वाचायला काही नसतं. त्यांचा तो तीन मुद्द्यांचा कागद माझ्या वहीत आहे. त्यांनी मागितला नाही, मी दिला नाही. पेन्सिल हातात आली की मला माझी ती रेघ आठवते.

शालूबाई पुन्हा रविवारी येतात, पुन्हा जपमाळ सांगतात, आवाज तसाच आहे. आण्णा महिन्यातून एकदा हुपरीला जातात. पण आता ते दारातून दिसले की शालूबाई हातातलं काम बाजूला सारून चहा ठेवायला उठतात. ते असेपर्यंत पुन्हा चिमट्याला हात लावत नाहीत.

मागच्या खेपेला आण्णांनी धीर करून विचारलं, "वैनी, कामात 'नमो मरिया' म्हणतीस का गं आता?"

शालूबाईंनी कपात साखर घातली, ढवळली आणि कप त्यांच्या पुढे सरकवला.

"ते तुला न्हाई सांगायची," त्या म्हणाल्या. "च्या पी."