लेकरं किती, मावशी?

"घ्या बाई, डावा हात. उजव्यानं भाकऱ्या थापायच्या हायेत." असं म्हणत मावशी बांगड्या कोपरापर्यंत सरकवायच्या आणि आमच्या रक्तपेढीच्या खुर्चीत माहेरी आल्यासारख्या ऐसपैस बसायच्या.

लातुरात कोचिंग क्लासच्या गल्लीत त्यांची खानावळ होती. डॉक्टर व्हायला आलेली गावोगावची पोरं त्यांच्या वरणाला नावं ठेवत आणि तरी पुन्हा वाटी पुढं करत. दर चार-सहा महिन्यांनी मावशी रक्त द्यायला यायच्या. सुई टोचताना लोक तोंड फिरवतात, या वाकून बघायच्या.

"ह्ये आता कुणाला जाणार?"

"ते नाही सांगता येत, मावशी."

"बाई का पुरुष, तेवढं तरी?"

रक्तातलं पिवळं पाणी वेगळं काढतात, त्याला प्लाझ्मा म्हणतात, हे कळल्यावर तर विचारू नका. "कसं काढता? ताक घुसळल्यावानी?" मी हो म्हणून टाकलं. यंत्र गरगर फिरतं, एवढं तरी खरंच आहे.

मावशी मूळच्या किल्लारीकडच्या. "भूकंपात आमच्या घरच्यांना कुणीतरी रक्त दिलं हुतं. कोण त्ये म्हाईत न्हाई. म्हणून येते," एवढंच त्या सांगायच्या.

रक्त द्यायला आलेल्या बायांना आम्ही हमखास विचारायचो, लेकरं किती? तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडं हा प्रश्न एसटीत शेजारी बसलेली बाईसुद्धा विचारते, त्यामुळे उत्तर तोंडावर असतं. मावशींचं ठरलेलं होतं, "एकच. पुण्याला नोकरीला हाय."

आमच्या विचारण्यामागं कारण होतं. पोटातलं बाळ अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या रक्ताला तेवढं परकं. काही बायकांच्या रक्तात त्या परकेपणाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि वर्षानुवर्षं राहतात. आईला त्यांचा काही त्रास नसतो. पण तीच दुसऱ्याच्या अंगात गेली, तर कधीकधी त्याच्या फुफ्फुसांत पाणी भरतं. बाळंतपणं जास्त, तितकी ही शक्यता जास्त. म्हणून अशा बाईचा प्लाझ्मा आम्ही रुग्णाला देत नसू. मावशींचं एकच मूल, म्हणून त्यांचा देत होतो.

एकदा भोकरकडच्या एका मुलाला, कोचिंगलाच आलेल्या, कावीळ झाली. रक्त गोठेना म्हणून प्लाझ्मा चढवला आणि थोड्याच वेळात त्याला धाप लागली. ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. नशीब, पोरगा दोन-चार दिवसांत सावरला. पिशवी कुणाची ते शोधलं, तर मावशींची निघाली. त्यांचं रक्त तपासलं, तर त्यात प्रतिपिंडं भरपूर.

डॉक्टरांनी त्यांना बोलावून सगळं समजावलं. मावशींनी आधी विचारलं, "पोरगं कसं हाय?" बरा आहे म्हटल्यावर पदरानं तोंड पुसलं.

"पण मावशी, तुम्हाला तर एकच मूल ना?" डॉक्टर म्हणाले.

मावशी बांगड्या फिरवू लागल्या.

"जित्तं एक. गेलेली कोण मोजतं, सायेब? मोजली की इचारणारीच रडाया लागती." मग हळूच म्हणाल्या, "चार झाली मला. तिघं भूकंपात गेली. धाकटीला ढिगाऱ्यातून काढलं, रक्त चढवलं. दोन रोज बोलली माझ्यासंगं."

मावशींच्या चेहऱ्यावर तो नेहमीचा प्रश्न विचारतानाचा भाव आला.

"ह्ये जे रक्तात हाय, त्ये कोणत्या लेकरामुळं?"

"ते नाही सांगता येत. कुणामुळंही असेल," मी म्हणाले.

"धाकटीमुळंबी?"

"असेल."

"इतकी वर्सं झाली, तरी गेलं न्हाई?"

"नाही."

मावशी आपल्या डाव्या हाताकडं बघत राहिल्या. यापुढं रक्त देता येणार नाही, हे डॉक्टरांना सांगवेना. मला वाटलं, बाई कोलमडणार. पण त्याच म्हणाल्या, "मग आता घेऊ नका. ऱ्हाऊ द्या माझ्यापाशीच."

त्यानंतर त्या खानावळीतल्या मोठ्या पोरांना घेऊन यायच्या आणि बाकावर बसून येणाऱ्या बायांची चौकशी करायच्या. "किती झाली गं? गेलेली धरून सांग."

आता मावशी पुण्याला लेकाकडं गेल्यात. खानावळीच्या जागी अभ्यासिका झालीय. मी मात्र तो प्रश्न त्यांच्याच शब्दांत विचारते. बाया बोटांवर मोजायला लागतात.